अंध-पंगु न्याय आणि मानमंदिराचा उंबरा

शाळेत असताना संस्कृतच्या मास्तरांनी आम्हांला जे न्याय पाठ करायला लावले होते, त्यांत काकतालीय होता, सूचीकटाह होता, आणि अंध-पंगु न्यायही होता. रानात एक आंधळा आणि एक पांगळा सापडले; आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घेतले, पांगळ्याने वाट सांगितली, आणि दोघेही सुखरूप घरी पोहोचले. प्रकृती आणि पुरुष यांचा संबंध समजावून देण्यासाठी सांख्यांनी हा दृष्टान्त योजला, असे मास्तर सांगत. परीक्षेत त्याला चार गुण असत. पण दृष्टान्तातली माणसे खरीही असू शकतात, त्यांनाही एखादा किल्ला पाहावासा वाटतो, हे काही कोणी शिकवले नाही. ते मला २०१४ सालच्या डिसेंबरात, आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, मानमंदिराच्या दाराशी कळले.

आमचे वडील दरबारी गवई. त्यांना आम्ही नाना म्हणत असू. सोळाव्या वर्षी त्यांना दरबारची नोकरी लागली आणि पुढे दोन वर्षांतच, १९४८ साली, संस्थान मध्य भारतात विलीन झाले. म्हणजे दरबारी गवई ते जेमतेम दोन वर्षे होते. मिरवले मात्र जन्मभर! मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे अपत्य. त्यामुळे मला आठवतात ते नाना शिकवण्या करणारे, लष्करातल्या आमच्या जुन्या वाड्यात पहाटे खर्ज लावणारे. तरुणपणी खर्जाच्या साधनेसाठी ते किल्ल्यावर जात. गुजरी महालापासून पूर्वेकडच्या चढाने, एकामागून एक दरवाजे ओलांडीत, वाटेत कातळात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरापाशी दम खाऊन वर पोहोचायचे, असा त्यांचा नेम होता. याच मंदिरात संवत ९३३चा, म्हणजे इ. स. ८७६चा, शिलालेख आहे. त्यात २७० हा आकडा आजच्यासारखे शून्य घालून कोरलेला आहे. नाना म्हणत, "शून्य पाहायलासुद्धा पाय धड लागतात."

त्यांचे पाय पक्षाघाताने गेले, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. गळा तेवढा राहिला. दोन वर्षे खाटेवर आणि चाकाच्या खुर्चीत काढल्यावर, तानसेन समारोहाच्या दिवसांत एका सकाळी ते म्हणाले, "मला एकदा मानमंदिरात ने. आत एक षड्ज लावायचा आहे."

किल्ल्यावर

माझ्या वर्गात त्या वेळी एक जन्मांध मुलगा शिकत होता. वय अठराच्या आसपास, कान असा की तंबोऱ्याची तार बोटभर उतरली तरी तोंड वाकडे करी. त्यालाही बरोबर घेतले. मोटार उरवाई दरवाजाच्या बाजूने वर निघाली. दोन्ही अंगांच्या कड्यांत कोरलेल्या तोमरकालीन जैन तीर्थंकरांच्या मूर्ती दिसू लागल्या. काही तर चार-पाच मजली घराएवढ्या. नाना एकेक मूर्ती त्या मुलाला सांगत होते; ही उभी, ही बसलेली, हिचा चेहरा कोणी फोडलेला. मुलगा विचारी, "नाना, उंच म्हणजे किती? आपल्या वाड्याएवढी?" नाना म्हणत, "वाड्यावर वाडा ठेव."

वर पोहोचलो. किल्ल्याचा डोंगर गावापासून सुमारे तीनशे फूट उंच. ते तीनशे फूट आम्ही बसल्या जागी चढून आलो होतो. खुर्ची उघडली, नानांना बसवले, आणि खडबडीत फरसबंदीवरून ढकलीत मानमंदिरापाशी आणले. राजा मानसिंह तोमर १४८६ ते १५१६ या काळात इथे राज्य करीत होता. त्याच्या पदरी गवई होते आणि ध्रुपदाला त्याने मोठा आश्रय दिला, हे ग्वाल्हेरच्या प्रत्येक गाणाऱ्या घरातले पोर जाणते. दर्शनी भिंतीवरच्या निळ्या, पिवळ्या, हिरव्या झिलईच्या फरशा उन्हात चमकत होत्या. आणि मग दार आले. दाराला पायरी, पायरीनंतर उंबरा, उंबऱ्याच्या आत पुन्हा पायरी.

खुर्ची तिथे थांबली.

जवळच उभ्या असलेल्या दोघा-तिघा भल्या माणसांनी आपण होऊन म्हटले, "चौघे मिळून उचलू बाबूजींना, त्यात काय!" नाना हसले, हात जोडले, आणि म्हणाले, "मला चौघांनी उचलायचे ते एकदाच, आणि त्याला अजून अवकाश आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू याला घेऊन आत जा. मी इथे उन्हात बसतो."

मी आत गेलो खरा, पण माझे चित्त बाहेर होते. मुलाचे मात्र तसे नव्हते. आतल्या चौकात येताच त्याने एक टाळी वाजवली, मान कलती करून ऐकली, चार पावले सरकून दुसरी वाजवली. मग एका दालनात, खांबाशी हात टेकून, त्याने षड्ज लावला. दगडी जाळ्यांआड बसून राजस्त्रिया संगीत शिकत, असे वाटाडे जिथे सांगतात, तिथेही त्याने तो लावून पाहिला. बाहेर आल्यावर तो नानांच्या खुर्चीशी बसला आणि म्हणाला, "नाना, चौकात आवाज वर निघून जातो. दालनात मात्र तो अंगाशी राहतो. परत येतो, पण घाईने येत नाही. तुमचा खर्ज तिथे चांगला बसेल."

नानांनी डोळे मिटून ते ऐकून घेतले. मग त्याला भिंतीवरच्या फरशा सांगू लागले. हत्तींची रांग, केळीची झाडे, हंसांची माळ. हंस म्हणजे कसा, हे त्याला कळेना, तेव्हा त्याचा तळहात उघडून त्यावर नानांनी बोटाने हंसाची मान काढून दाखवली; एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा त्याच्याकडून आपल्या तळहातावर काढून घेतली.

मास्तरांचा दृष्टान्त असा माझ्यासमोर बसला होता. फरक एवढाच की दृष्टान्तातले दोघे घरी पोहोचतात. इथे एकाला किल्ल्याचा नाद मिळाला आणि एकाला रंग; पुरता किल्ला दोघांपैकी कोणालाच मिळाला नाही.

दोष कोणाचा?

ज्याने तो उंबरा बांधला त्याचा तर नव्हेच. किल्ल्याचे कामच मुळी अडवण्याचे. अरुंद दार, वळणावळणाचा जिना, उंच पायरी, हे सारे शत्रूसाठी होते. पण शत्रू जाऊन शतके लोटली. आता त्याच दारात आपण तिकीट फाडतो आणि माणसाला पाहुणा म्हणून बोलावतो. पाहुण्याला उंबऱ्याशी थांबवणे हे काही आपल्या घरांतले वळण नव्हे.

आणि हे पाहुणे थोडे नाहीत. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत चालण्या-हलण्याची अडचण असलेले सुमारे ५४ लाख, दृष्टीची सुमारे ५० लाख, आणि श्रवणाचीही जवळजवळ तितकीच. गुडघे धरून जिना चढणारी आपल्या घरांतली वडीलधारी माणसे, पोटुशी सून, कडेवर पोर घेतलेली आई, ही या मोजणीत धरलेलीच नाहीत.

कायदा म्हणाल तर तो आहे. १९९५ साली पहिला झाला. २०१६ साली दुसरा झाला आणि अपंगत्वाचे पूर्वी मानलेले सात प्रकार वाढून एकवीस झाले. सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वावरता येतील अशा कराव्यात, असे त्यात म्हटले. नियम २०१७च्या जूनमध्ये आले. म्हणजे ती मुदत २०२२ सालीच संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून भागणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत. तेव्हा आता हा दयेचा प्रश्न राहिलेला नाही. नानांनी हात जोडून जे नाकारले, ते हेच. त्यांना उचलून घेणारे हात नको होते. आपल्या चाकावर जाता येईल अशी वाट हवी होती.

पट्टी बदलते, राग बदलत नाही

यावर जाणते लोक एक आक्षेप घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, प्राचीन वास्तू जशी आहे तशीच राहिली पाहिजे. आज उतार घातला, उद्या उद्वाहक बसवाल, परवा वास्तूच राहणार नाही. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर नेमका हाच वाद पेटला. तिथे २००४च्या पॅरालिंपिक खेळांच्या निमित्ताने उद्वाहक बसवला गेला, आणि २०२०च्या डिसेंबरात त्याच्या जागी नवा आला. त्याच सुमारास टेकडीवर काँक्रीटच्या रुंद वाटा केल्या, त्यावर मात्र अनेक पुरातत्त्वज्ञ रागावले. उद्वाहकाने ज्यांना वर नेले त्यांचा आनंद खरा, आणि काँक्रीटने ज्यांचे मन दुखावले त्यांचे दुःखही खरे.

मी गाण्याचा शिक्षक. या वादात मला पडायचे असेल तर माझ्या धंद्यातल्याच गोष्टीने पडतो. माझ्यापुढे मुलगा बसला तर तंबोरा एका पट्टीत लावतो, मुलगी बसली तर दुसऱ्या. कोणाचा षड्ज काळी एकचा, कोणाचा काळी चारचा. गळ्याप्रमाणे पट्टी बदलते; त्याने यमनाचा तीव्र मध्यम कोमल होत नाही. पण कोणी म्हणाला, मला तीव्र मध्यम लागत नाही, तो गाळून टाका, तर मी म्हणेन, बाबा रे, मग तो यमन राहणार नाही. तू दुसरा राग घे. वास्तूचेही असेच आहे. काय बदलले तर नुसती पट्टी बदलते, आणि काय बदलले तर रागच जातो, एवढे ओळखता आले पाहिजे. जतनाचे शास्त्रही फार निराळे सांगत नाही. १९६४ सालची व्हेनिसची सनद म्हणते की नवी भर जुन्यापासून वेगळी ओळखू आली पाहिजे. आणि जी भर घालायची ती पुढे जुन्या दगडाला धक्का न लावता काढून घेता यावी, हे आज सर्वत्र मानले जाते. पायऱ्यांवर सुटा टेकवलेला लाकडी उतार या दोन्ही कसोट्यांना उतरतो. तो पट्टी बदलतो. मानमंदिराच्या तळघरात जाणारे अरुंद जिने फोडून रुंद करणे म्हणजे मात्र मध्यम गाळणे. ज्या किल्ल्यात १६६१ साली शाहजादा मुरादचा शेवट झाला, त्याचा तो काळोख जिन्यासकटच राहू द्यावा. ज्याला खाली उतरता येत नाही त्याला वरच, सावलीत, तळघराची लाकडी प्रतिकृती हाताळता यावी, चित्रफीत पाहता यावी. हे पुरेसे नाही, हे मला मान्य आहे. पण उंबऱ्याबाहेर उन्हात बसण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

आता उताराचा हिशेब पाहा. चाकाच्या खुर्चीला चढता येईल असा उतार एकास बारा या प्रमाणात धरतात. सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार. दार निदान तीन फूट रुंद आणि खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी जागा, म्हणजे झाले. या प्रमाणाने आपला डोंगर चढायचा तर ३६०० फुटांचा उतार लागला असता. पण ते काम मोटारीच्या रस्त्याने केव्हाच केलेले आहे. तीनशे फूट आपण जिंकले आहेत. माणूस अडतो तो शेवटच्या फूटभरात.

मनावर घेतले तर हे किती लवकर होते, तेही आपण पाहिले आहे. जानेवारी २००१मध्ये विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले. त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर अशी स्थळे पाहायची होती. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे जावेद अबिदी यांनी पाठपुरावा केला, आणि पुरातत्त्व खात्याने थोड्या अवधीत लाकडी उतार उभे केले. हॉकिंग खुर्चीवरून फिरले. थोर पाहुण्यासाठी जे होते ते रोजच्या पाहुण्यासाठी का होऊ नये, हा प्रश्न त्या उतारांनी तेव्हाच विचारला होता. इटलीत पाँपेई या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या नगरात २०१६च्या डिसेंबरात तीन किलोमीटरांहून लांब अशी वाट खुली झाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या खडबडीत रस्त्यांतून खुर्ची घेऊन जाता येते. सारे नगर नव्हे, पण नगराचा गाभा.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर रायगड घ्या. १९९६ साली तिथे रज्जुमार्ग झाला आणि ज्यांनी महाराजांच्या समाधीचे दर्शन या जन्मी होणे नाही असे मानले होते, असे किती तरी म्हातारे-कोतारे वर पोहोचले. तरी पाळण्यातून उतरल्यावर पुढे पायऱ्या आहेतच. २०२५ साली रायगडासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. आता जग पाहायला येईल, तेव्हा त्या शेवटच्या पायऱ्यांचा विचार करावाच लागेल. विजापूरचा गोलघुमट तर आम्हां गाणाऱ्यांची पंढरी. कुजबुज जिथे घुमते ती गच्ची सात मजल्यांच्या जिन्यावर आहे. माझा विद्यार्थी तिथे आनंदाने चढेल. नानांना ती ऐकूनच माहीत होती.

कानांचे आणि बोटांचे दर्शन

दृष्टिहीनाला जिना फारसा अडवत नाही. त्याला अडवते ती "हात लावू नका" ही पाटी. आणि ती पाटीही चुकीची नाही. हजार हातांचा घाम आणि तेल यांनी दगड झिजतो, काळा पडतो. यावर तोड म्हणजे प्रतिकृती. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली 'अनुभव' नावाचे दालन उघडले, तिथे मूर्तींच्या प्रतिकृती हातांनी पाहता येतात. आपल्या गुजरी महालाच्या संग्रहालयात ग्यारसपूरची शालभंजिका आहे. तिच्या हसण्याचे कौतुक करीत जग येते. तिची एक दगडी प्रतिकृती बाहेर, हात पोचेल अशा उंचीवर ठेवली, तर ते हसू बोटांनाही कळेल. मानमंदिराच्या हंसांची एक फरशी उठावात करून ठेवली, तर पुन्हा कोणा म्हाताऱ्याला तळहातावर हंस काढावा लागणार नाही. बहिऱ्या पाहुण्यासाठी ध्वनी-प्रकाशाच्या कार्यक्रमात निवेदनाची अक्षरे पडद्यावर यावीत. नाही तर त्याच्या वाट्याला नुसता प्रकाश येतो. अधू दृष्टीच्या माणसासाठी पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी असावी. यांतले कोणतेही काम राजाचा खजिना मागत नाही.

२०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर यांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले, म्हणून ते गाण्याकडे वळले. त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आपल्याच घराण्याचे. अधू डोळ्यांच्या एका मुलाने आपल्या घराण्याचे गाणे देशभर पोहोचवले. त्या घराण्याच्या गावात अशा मुलांची वाट मोकळी असायला नको काय?

आधी आपले घर

हे सारे लिहिताना मला माझाच वर्ग आठवतो, आणि लेखणी अडखळते. माझा वर्ग वाड्याच्या पहिल्या मजल्यावर भरत असे. जिना अरुंद, एकोणीस पायऱ्यांचा, धरायला दोर. किल्ल्यावर जाण्याच्या बऱ्याच आधी एक दहा वर्षांची मुलगी माझ्याकडे येऊ लागली होती. तिच्या पायांना कॅलिपर होते. आई तिला कडेवर घेऊन वर आणी. तीन आठवडे आली, मग बंद झाली. मुलीला गोडी नसेल, असे मी मनाशी ठरवून टाकले. मानमंदिराच्या दाराशी नाना बसले होते, तेव्हा पहिल्यांदा मला तो जिना आठवला. परत आल्यावर चौकशी करीत तिच्या घरी गेलो. कुटुंब बदली होऊन दुसऱ्या गावी गेले होते.

त्यानंतर मी वर्ग तळमजल्यावर आणला. दाराचा उंबरा सात इंचांचा. सुताराकडून सात फुटांची फळी करून घेतली. पहिल्या दिवशी तिच्यावरून नानांची खुर्ची आत आली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी सर्वांना गप्प केले आणि तंबोरा लावायला सांगितले.

नाना २०१८ साली गेले. त्यांचा तो षड्ज मानमंदिरात लागला नाही. माझा विद्यार्थी आता स्वतः शिकवतो. तो किल्ल्यावर नव्या मुलांना घेऊन जातो आणि आत टाळी कशी वाजवायची ते दाखवतो. बाहेर येऊन तो भिंतीवरचे हंस मुलांना सांगतो. तेही त्याला पाठ आहेत.

वाचकहो, यंदाच्या डिसेंबरात समारोहाला जाल तेव्हा घरातल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मागे ठेवून जाऊ नका. बरोबर न्या. जिथे खुर्ची अडेल तिथे थांबा, पायरी मोजा, किती इंच ते लिहून घ्या आणि संबंधितांना नम्रपणे कळवा. आणि त्याआधी एकदा आपल्या घराचा, आपल्या गणेशोत्सवाच्या मंडपाचा, आपल्या सभागृहाचा उंबरा मोजा. फळी कितीची लागेल ते सुतार सांगेल.